उठवणारी शिवण

मधू जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्याच्या मेंदूचा उरलेला भाग परत मागायचा की नाही, हे त्या रविवारी घरात ठरायचं होतं.

मधूच्या आजोबांना, वेंकटरमणांना, फोन आला होता तो डॉक्टर नंदितांचा. गिंडीच्या पलीकडे झाडीत जे मेंदूसंशोधन केंद्र आहे, तिथं त्या काम करत. मधूचा मेंदू गेल्या वर्षी तिथंच दिला होता. त्यांनी सांगितलं, की मेंदूच्या देठाचा खालचा भाग, जिथून श्वास चालतो, तो पाहून झाला आहे. वरचा भाग अजून गोठवून ठेवलेला आहे. त्याला हात लावण्याआधी घरच्यांना पुन्हा विचारायचं, असं तेव्हाच ठरलं होतं. हवा असेल तर तो आहे तसा परत मिळेल. पण ठरवण्याआधी एकदा येऊन पाहा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मैलापूरच्या घरात सकाळची कॉफी झाली तरी कुणी उठलं नाही. सुनेची, इराची, आई कल्पनाबाई वर्षाच्या दिवसासाठी नाशिकहून आल्या होत्या. त्या सोफ्याच्या एका टोकाला, आणि वेंकटरमणांची आत्या अन्नपूर्णाबाई दुसऱ्या टोकाला. मधे कुणी बसत नसे. आत्याबाई ऐंशी पार केलेल्या. श्रीलक्ष्मी, म्हणजे वेंकटरमणांची बायको, गेल्यापासून घर त्याच चालवत होत्या. घरातल्या प्रत्येक बाळाला त्यांनी न्हाऊ घातलं होतं. मधूला शेवटचं न्हाऊ त्यांनीच घातलं, सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर दिला, आणि साडीच्या झोळीत निजवलं. इरा शेजारच्या खोलीत शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातल्या लोकांशी कॉम्प्युटरवर बोलत होती. पोर आज छान झोपलंय, काम उरकता येतंय, असं तिच्या मनात आलं होतं. ती उठून पाहायला गेली तेव्हा चार महिन्यांचा मधू गार झाला होता. ताप नाही, खोकला नाही, काही नाही.

त्या दिवसापासून घरात प्रत्येकाकडे एक कारण होतं. कल्पनाबाईंनी धुराचं नाव घेतलं, तेही सगळ्यांसमोर, आणि आत्याबाईंनी त्यानंतर घरात सांब्राणी पेटवली नाही, देवापुढंही नाही. आत्याबाई उघड बोलल्या नाहीत, पण शेजारणीला म्हणाल्या, की तान्ह्याची आई कॉम्प्युटरसमोर बसली तर बाळाकडे कोण बघणार. ते इराच्या कानावर आलंच. वेंकटरमणांचा मुलगा, इराचा नवरा मुरली, कुणालाच काही म्हणाला नाही. त्यानं फक्त बहिणीशी बोलणं सोडलं.

वेंकटरमणांना हेच सगळ्यात जास्त सलत होतं. श्रीनिधी त्यांची थोरली मुलगी, त्याच केंद्रात काम करणारी. शवविच्छेदन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुरलीसमोर ती उभी राहिली होती आणि तिनं त्याच्याकडे त्याच्या मुलाचा मेंदू मागितला होता. मुरलीनं इराकडे पाहिलं, इरानं मान हलवली, मुरलीनं सही केली. त्यानंतर भाऊ-बहीण एकाच घरात जेवत, पण पाणी हवं असलं तरी तो वडलांना सांगे.

आज बाजू भलत्याच लागल्या. आत्याबाईंनी आधीच सांगून टाकलं, की उरलेलं परत आणायचं आणि मधूला जिथं पुरलंय तिथं ठेवायचं. पोर अर्धं इथं, अर्धं तिथं, हे बरं नव्हे. आणि कल्पनाबाई, ज्या आल्यापासून त्यांच्याकडे पाहतही नव्हत्या, हळूच म्हणाल्या की त्यांनाही असंच वाटतं. दोघी एका सोफ्यावर पहिल्यांदाच एका बाजूला आल्या. इरा मात्र ठाम होती. दिलं ते दिलं, ती म्हणाली, नमुना अर्धा तपासून काय उपयोग. नमुना हा शब्द ती वर्षभर वापरत होती. त्या शब्दामुळेच तिला उभं राहता येत होतं, असं वेंकटरमणांना वाटे.

मुरलीला विचारलं तर तो म्हणाला, इरा म्हणेल तसं.

वेंकटरमणांना सगळ्यांचंच पटत होतं, म्हणून ते कुणाचीच बाजू घेईनात. शेवटी आत्याबाईच उठल्या.

"मी बघून येते अगोदर," त्या म्हणाल्या. "मी न्हाऊ घातलं त्याला. त्याच्या अंगाचं काही बघायचं राहिलं असेल, तर मला बघू दे."

आत्याबाई जाणार म्हटल्यावर मागं राहणं कुणालाच जमेना.

*

आत्याबाईंना वाटलं होतं, की बाटल्या दिसतील. बाटल्यांत काहीतरी. गाडीत त्या सारख्या रामनाम घेत होत्या. पण नंदितांनी त्यांना नेलं ती खोली स्वच्छ, गार, आणि रिकामी होती. एका बाजूची सगळी भिंत म्हणजे पडदाच. नंदिता मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे मराठी सरळ बोलत. आत्याबाईंची तंजावरची मराठी त्यांना थोडी लक्ष देऊन ऐकावी लागे. "हिंगडे बसू का?" असं आत्याबाईंनी पुढच्या खुर्चीकडे हात करून विचारलं, तेव्हा हिंगडे म्हणजे इकडे हे ताडून नंदितांनी त्यांना आधार देऊन तिथंच बसवलं.

दिवे मंद झाले. पडद्यावर जांभळट निळं असं काहीतरी उमटलं. एखादं रुंद पान मधोमध रेघ असलेलं असावं, तसं.

वेंकटरमणांनी विचारलं, की खरं हे किती मोठं आहे. नंदितांनी आपल्या करंगळीचं नख पुढं केलं. एवढं, त्या म्हणाल्या. आणि जाडीला केसाहूनही पातळ. देठाचे असे काप एकामागून एक घेतलेले आहेत, एकही मधला सोडलेला नाही.

मग त्यांनी ते चित्र मोठं करायला सुरुवात केली. पानाची कड पडद्याबाहेर गेली. निळा रंग फुटला आणि त्याची धूळ झाली. धुळीचे ठिपके झाले. ठिपके वाढत राहिले, आणि आत्याबाईंना दिसलं की प्रत्येक ठिपक्याला आकार आहे. कुणाला कोपरे, कुणाला शेपटी, कुणी गोल, कुणी दोघं एकमेकांना लागून. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. नंदितांनी चित्र सरकवलं तर तिकडेही तेच. वर सरकवलं, तिकडेही. पडद्याला शेवट होता, त्या चित्राला शेवट दिसत नव्हता.

हे सगळं त्या डोक्यात होतं, ज्यावर त्यांनी तेल चोळलं होतं. टाळूचा तो मऊ भाग त्यांच्या तळव्याखाली धडधडत असे. त्यांनी तळवा मांडीवर उलटा ठेवला आणि त्याकडे पाहत राहिल्या.

"झोपल्यावर आपला श्वास कोण घेतं?" नंदितांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायची वाट न पाहता एका दाट पुंजक्यावर बाण नेला. "आपण नाही घेत. हे घेतात. लय इथं तयार होते. आणि ती जन्मल्यावर सुरू होत नाही. पोटात हवा नसते, पाणीच असतं, तरी बाळ छाती हलवून सराव करत असतं. मधूनंही केला असणार. त्याला श्वास घेता येत होता. चांगला येत होता. इथं मला काहीही बिघडलेलं दिसलं नाही."

इराच्या तोंडून काहीतरी निघालं. सोनोग्राफीत तिनं ते पाहिलं होतं. छातीचा छोटासा पिंजरा वर-खाली होताना. तेव्हा तिला वाटलं होतं, उचकी असेल.

*

श्रीनिधी दाराजवळ उभी होती. बसली नव्हती. तिनं असे हजारो काप पाहिले होते, पण हे पाहिले नव्हते. मधूचं काम नंदितांनी केलं. वर्षभर त्या खोलीचं दार उघडं दिसलं की श्रीनिधी दुसऱ्या जिन्यानं जाई. त्या दिवशी आपण मुरलीसमोर उभ्या राहिलो ते आत्या म्हणून की संशोधक म्हणून, याचं उत्तर तिला मिळालं नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की अशा बाळांचे मेंदू अभ्यासाला जवळजवळ कधीच मिळत नाहीत. घरचे आपल्या दुःखात असतात, आणि त्यांना विचारायचं धाडस कुणाला होत नाही. वेळ थोडा असतो. तिनं विचारलं.

आता पडद्यावर पानाच्या मधली रेघ मोठी होत होती. नंदिता सांगत होत्या, की या रेघेला अभ्यासक शिवण म्हणतात, डावा-उजवा भाग जिथं जुळतो ती. या शिवणीच्या कडेनं वेगळ्याच पेशी असतात. झोपेत बाळाच्या नाकातोंडावर काही आलं, किंवा सोडलेलीच हवा पुन्हा आत जायला लागली, की रक्त बदलतं. ते या पेशींना फार लवकर कळतं. मग त्या वर हाक पाठवतात. मान वळव. जोरात श्वास ओढ. जागा हो. आपल्या प्रत्येकाला आयुष्यात कितीदा तरी या हाकेनं वाचवलेलं असतं, आणि सकाळी उठल्यावर आपल्याला त्यातलं काही आठवत नाही.

वेंकटरमण, ज्यांना बसल्या जागी डुलकी लागायची सवय होती, ते आपल्याच श्वासाकडे लक्ष देत असल्यासारखे बसले होते.

"आमच्या पापाला, बाळाला, हाक द्यायला माणसं कमी पडली काय?" आत्याबाईंनी विचारलं.

नंदितांनी पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे मधूच्याच वयाचं एक बाळ, जे हृदयाच्या जन्मजात दोषानं गेलं होतं. उजवीकडे मधू. डावीकडच्या पेशी ठसठशीत, लांब हात पसरलेल्या, एकमेकींपासून अंतर राखून. उजवीकडे गर्दी होती. छोट्या, गोलसर, हात आखूड असलेल्या पेशींची गर्दी.

"कमी नाहीत, आजी. जास्तच आहेत," नंदिता म्हणाल्या. "पण कोवळ्या आहेत. या वयाला जेवढ्या तयार व्हायला हव्या होत्या तेवढ्या झालेल्या नाहीत. जगात इतर ठिकाणीही अशा काही बाळांमध्ये हेच दिसलेलं आहे. सगळ्यांमध्ये नाही. म्हणून मी म्हणेन, की मधूची हाक कदाचित फार हळू आली. कदाचित. एका बाळाबद्दल खात्रीनं सांगता येईल इतकं आम्हाला अजून येत नाही."

श्रीनिधीनं उजव्या बाजूकडे पाहिलं आणि तिला तो शब्द नकोसा झाला. कोवळ्या. इतक्या साऱ्या, सगळ्या निघालेल्या, आणि अजून पोचल्या नव्हत्या. तिनं मुरलीकडे पाहिलं. तोही पडद्याच्या उजव्या बाजूकडेच पाहत होता.

आत्याबाईंनी मग तो प्रश्न विचारला. कल्पनाबाईंकडे न बघता, सरळ. सांब्राणीच्या धुरानं झालं का?

नंदितांनी गोड उत्तर दिलं नाही. तान्ह्या बाळाजवळ कुठलाच धूर चांगला नाही, त्या म्हणाल्या, आणि पुढं या घरात बाळ आलं तर धूर करू नका, झोळीतही निजवू नका, सपाट, घट्ट गादीवर उताणं निजवा. तसं केलं तर धोका कमी होतो. पण शिवणीच्या या पेशी जन्माच्या आधीपासून अशा घडत आल्या असणार. धुरानं त्या अशा केल्या नाहीत. आईनं बाजूच्या खोलीत बसून त्या अशा केल्या नाहीत. शेजारी बसलेल्या माणसालाही यात काही ऐकू येत नाही. बाळ रडत नाही, धडपडत नाही. म्हणून तर कळत नाही.

कल्पनाबाई उठल्या. वर्षभर साठवलेलं काही बोलतील असं वेंकटरमणांना वाटलं, पण त्यांनी मधली रिकामी खुर्ची ओलांडली आणि आत्याबाईंच्या शेजारी बसल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. त्यांनी नंदितांना विचारलं, की हे आईकडून येतं का. त्यांच्या आवाजातली भीती सगळ्यांनी ऐकली. त्यांच्या स्वतःच्या सासूचं एक मूल असंच झोपेत गेलं होतं, हे त्यांनी इराला कधी सांगितलं नव्हतं. आता त्या ते सांगत होत्या, अनोळखी खोलीत, पडद्याच्या निळ्या उजेडात. आत्याबाई म्हणाल्या, की तंजावरला त्यांच्या काकूचंही गेलं होतं. तेव्हा दृष्ट लागली म्हणाले होते. काकूला वर्षभर कुणी दुसऱ्याचं मूल घेऊ दिलं नाही.

कुणाकडून येतं ते आम्हाला ठाऊक नाही, नंदिता म्हणाल्या. ठाऊक नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं.

*

इरा पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. इतक्या जवळ, की तिच्या सलवार-कमीजवर त्या पेशी पडल्या होत्या. ती वळली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता.

"मला तो परत हवा," ती म्हणाली.

कुणाला आधी कळलंच नाही. सकाळी सगळ्यांविरुद्ध हट्टानं बोलली ती हीच. ती आता सावकाश सांगत होती, की तिला वाटलं होतं इथं काहीतरी असेल, तुकडा, पदार्थ, असं. हे तसं नाही. हा मधू आहे. तो इथं श्वास घेत होता. पोटात होता तेव्हापासून घेत होता. आणि ती त्याला वर्षभर नमुना म्हणत होती. उरलेला तरी कापू नका. घरी नेऊ या.

मुरली खुर्चीतून उठला. तो इराकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण तो दाराकडे गेला, बहिणीजवळ.

"अक्का, वरच्या भागात काय आहे?"

वर्षभरानं त्यानं तिला हाक मारली होती. श्रीनिधीनं सांगितलं, तमिळमध्येच, जसं ती दोघं लहानपणापासून एकमेकांत बोलत आली होती. आता ती भाषा इरालाही कळत होती. खालच्या भागात श्वास आहे. शिवण तिथं संपत नाही, वर जाते. हाक खालून निघते, पण माणूस जागा होतो तो वरच्या भागामुळे. मधूची हाक वर पोचली का, पोचली तर तिथं ऐकणारं कुणी तयार होतं का, हे उरलेल्या भागात दिसेल. दिसलंच तर. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. पण आणखी बाळं येतील, कुणी विचारलं तर, आणि त्यांच्या घरच्यांनी दिली तर. मग त्यांच्याशेजारी मधूला ठेवून पाहता येईल.

"म्हणजे तो उठायला निघाला होता," मुरली म्हणाला.

"हो. निघाला असणार," श्रीनिधी म्हणाली.

मुरलीनं तोंड भिंतीकडे केलं. वेंकटरमण त्याच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. किती वर्षांत ठेवला नव्हता.

आत्याबाई सगळं ऐकत होत्या. परत आणायचं असं ठरवून त्या घरातून निघाल्या होत्या, आणि आता नातसून त्यांच्याच बाजूला आली होती. त्या म्हणाल्या, की पोर मातीत पूर्ण असावं असं त्यांना वाटत होतं, अजूनही वाटतं. पण इतकं काही एका नखाएवढ्या जागेत असतं, हे त्यांना ऐंशी वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. काकूला कुणी दाखवलं असतं, तर काकू वेगळी जगली असती. एवढं बोलून त्यांनी इराला जवळ बोलावलं.

"तू सांगशील तेच होईल मा. घरी म्हणालीस तर घरी. मी तुझ्याबरोबर आहे, कसंही."

इरा त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. कल्पनाबाईंचा हात तिच्या एका खांद्यावर होता, आत्याबाईंचा दुसऱ्या. मग तिनं नंदितांना विचारलं, की उरलेला मधू तिला पाहता येईल का. पडद्यावर नाही. खरा.

*

थंड खोलीच्या बाहेर मोठी काच होती. घरचे काचेबाहेर थांबले. आत फक्त इरा, जाड कोट घातलेली, आणि नंदिता आणि श्रीनिधी. काप घेणाऱ्या यंत्राच्या पेटीत, बर्फाच्या शुभ्र ठोकळ्यात, फिकट गुलाबी असं काहीतरी होतं. इरानं खाली वाकून पाहिलं. तिच्या तोंडाची वाफ पेटीच्या काचेवर जमली आणि विरली.

नंदितांनी समजावलं, की प्रत्येक काप घेण्याआधी कॅमेरा ठोकळ्याचं चित्र घेतो, म्हणजे नंतर सगळं पुन्हा जसंच्या तसं जुळवून पाहता येतं. काही हरवत नाही. पण निर्णय अजून तुमचा आहे. आत्ता नको म्हणालात तर मी यंत्र बंद करते.

इरा काही वेळ तशीच वाकून राहिली. श्रीनिधी नंतर मुरलीला म्हणाली, की इरा मधूशी बोलत असावी, पण मराठीत, आणि फार हळू.

मग इरा सरळ झाली.

"अक्का, तुम्ही करा," ती म्हणाली. "त्याची हाक कुठवर पोचली, ते बघायचंय मला. पण दुसरं कुणी नको. त्याच्या आत्यानं करावं."

श्रीनिधीनं काचेबाहेर पाहिलं. मुरली उभा होता. त्यानं एकदाच, सावकाश मान हलवली. ती यंत्राजवळ बसली. हजारदा केलेलं काम होतं, पण तिला हातमोजा दोनदा ओढून नीट करावा लागला. कॅमेऱ्याचा लखलखाट झाला. पातं सरकलं, आणि मधूच्या मेंदूचा एक काप पारदर्शक पट्टीवर अलगद उतरला. इतका पातळ, की त्यातून श्रीनिधीला आपली बोटं दिसत होती. तिनं ती पट्टी इरासमोर उजेडात धरली. अगदी मधोमध, बारीक, शिवणीची रेघ होती. वर जाणारी.

इरानं ती पाहिली. श्वास रोखून पाहिली, आणि मग सोडला.

"पुढचा," ती म्हणाली.